निरोप बसवताना

४ नोव्हेंबर
नरखेडहून सकाळच्या एसटीने नागपूरला आले. प्रताप नगरात शोभाताईंचा नृत्यवर्ग, वरच माझी खोली. खिडकीत ऊन, कोपऱ्यावर तर्री-पोह्याची गाडी. अजून काय पाहिजे! आधी हा वर्ग त्यांची मुलगी मिनल चालवायची. गेल्या उन्हाळ्यात ती तापाने गेली. तिच्या आठवणीसाठी, आईचा निरोप घेणाऱ्या मुलीचं नृत्य बसव म्हणाल्या. गाणं नको, शब्द नको. सगळं अंगातून कळलं पाहिजे.

७ नोव्हेंबर
सुरुवात बसली. मुलगी दाराकडे निघते, हात मात्र मागेच, आईच्या पदराकडे राहतो. शोभाताई भिंतीला टेकून बघत होत्या. मिनलचा हात असाच राहायचा म्हणाल्या. मी तर तिला कधी पाहिलंही नाही.
नंतर त्याच हातावर उकळता चहा सांडला. फोड आला. दुखलं नाही.

१२ नोव्हेंबर
आज पावलं बसवली, उंबऱ्याशी घुटमळणारी. संध्याकाळपासून पाय बधिर. डॉक्टरांना काही सापडलं नाही. शोभाताई मात्र आज पोटभर जेवल्या. मलाही वाढलं. कारलं मला अजिबात आवडत नाही. मी दोनदा मागून घेतलं.

१५ नोव्हेंबर
बाबांचा फोन. काकू गेली. आईमागे तिनेच मला वाढवलं. मी बरं म्हटलं आणि सरावाला उभी राहिले. छाती धरून वाकते तिथे रडू येतं, अगदी खरं. नाच थांबला की काहीच नाही.

१७ नोव्हेंबर
नृत्य सोडते असं सांगून टाकलं. शोभाताई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "कुठी जाशीन वं? आता तोंडच राहिलं."
बॅग घेऊन निघाले. पाय कोपऱ्यावरून वळले, जिना चढले. मी नाही चढले. भीती वाटायला पाहिजे. वाटत नाही.

१८ नोव्हेंबर
शेवट बसला. मुलगी वळून आईकडे बघते — निरोप घेत नाही — परत येते. असं मी ठरवलं नव्हतं —
दुपार. बाबा न्यायला आलेत. खाली उभे राहून ऋतुजा, ऋतुजा म्हणून हाका मारून राहिले. ऐकू येतं. तोंड उघडत नाही —
शोभाताई खाली जाऊन सांगून आल्या, ऋतुजा कालच गेली. बाबा गेले. खिडकीतून त्यांची पाठ —
आता स्वयंपाकघरातून आवाज. "मिनल, जेवाले ये वं."
तोंड उघडलं. मी म्हटलं, आले आ