सकाळी सातचे उकीर

३ मार्च, सोमवार

आज सकाळी सात वाजता मागच्या हिरवळीवर चोवीस उकीर — मोल नावाच्या, जमिनीखाली बोगदे खणणाऱ्या प्राण्याने वर लोटलेले मातीचे ढीग. काल संध्याकाळी एकोणीस होते. दुजोरा: शेजारचा हार्लन, कुंपणापलीकडून, हातात कॉफीचा मग.

चाळीस वर्षं गावच्या साप्ताहिकात काढली. एकट्याच्या भरवशावर आकडा लिहायचा नाही ही सवय जात नाही. माझ्या नवऱ्याला, ओरिनलाही ती मीच लावली. मी साडेसहालाच ऑफिसात जायची. तो सातला हिरवळ फिरून यायचा आणि फोन करायचा — संपादकबाई, तीन नवे. मी विचारायची, दुजोरा कोणाचा? मग तो स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडायचा आणि लांबून हार्लनचं "हो, तीन" ऐकू यायचं. बुधवारी अंक छपाईला जायचा, त्या दिवशीसुद्धा. छापखान्यातली मुलं फोन वाजला की म्हणायची, मोलची बातमी आली.

यंदा मोजायला मीच. आठ फेब्रुवारीला ओरिनचा पाय मोलच्या बोगद्यात गेला आणि खुबा मोडला. शस्त्रक्रिया झाली. आता अकरा मैलांवरच्या पुनर्वसन केंद्रात चालायला शिकतोय. शहात्तराव्या वर्षी.

५ मार्च, बुधवार

रोसालिया घर बघायला आली. केंद्रात ओरिनला चालवते ती हीच. तिशीची असेल, पण आमच्या शाळेतल्या मुख्याध्यापिकेसारखी सगळीकडे नजर. पायऱ्या पाहिल्या, न्हाणीघर पाहिलं. मग सोबत आणलेला, पुढे दोन चाकं असलेला चालायचा कठडा, म्हणजे वॉकर, हिरवळीवर टेकवला आणि वर हाताने भार दिला. कठड्याचा एक पाय सरळ चार इंच आत गेला.

"बघितलंत?" एवढंच म्हणाली.

मागच्या दारापासून गॅरेजपर्यंत हिरवळच आहे, दुसरी वाट नाही. जमीन भरीव झाल्याशिवाय ती त्याला बाहेर सोडणार नाही. आणि बाहेर चालल्याशिवाय त्याला घरी ठेवता येणार नाही. खुर्ची ते पलंग एवढंच चालणारा माणूस सहा महिन्यांत खुर्चीचाच होतो, म्हणाली. दोन मेला ती शेवटचं तपासायला येणार. दारापासून कुंपण, चाळीस पावलं, आणि परत. एकट्याने.

नाही जमलं तर आमच्या लेकीच्या, बेथच्या गावात, बॉयसीला, वृद्धांच्या निवासात खोली. तिने नाव घालून ठेवलंय. फक्त नाव घातलंय आई, असं दोनदा म्हणाली. लेकीचा आवाज मला कळतो. खोलीचे पडदेसुद्धा पाहून झालेत.

९ मार्च, रविवार

पाऊस. एकोणतीस.

गॅरेजमध्ये सापळा शोधत होते, सापडला ओरिनचा सगळा इतिहास. मुलांच्या कागदी भिरभिऱ्यांच्या काड्या — त्यांच्या थरथरीने मोल पळतो म्हणे. मोलला पळवायला हिरवळीवर शिंपडायच्या एरंडेल तेलाचा अर्धा डबा. रिकाम्या बाटल्या — त्या गळ्यापर्यंत मातीत पुरायच्या, वाऱ्याने शिट्टी वाजली की मोल जातो. मोल गेले नाहीत. बेथ मात्र रात्रभर झोपेना, अंगणात कोणीतरी बोलावतंय म्हणायची. एका वर्षी त्याने ट्रकच्या धुराड्याला नळी जोडून ती बोगद्यात सोडली. धूर हार्लनच्या गुलाबांतून निघाला! हार्लन आठवडाभर बोलला नाही. तेव्हा मात्र मला दुजोऱ्यासाठी टपालवाल्याला विचारावं लागलं.

कोपऱ्यात त्याच्या बादल्या. उकिराची माती म्हणजे पिठासारखी, खडा नाही. तो ती चाळून ठेवतो, थंडीभर अंड्याची टरफलं कुटून त्यात घालतो, एप्रिलमध्ये त्यात टोमॅटोची रोपं. गावात सगळे मोलला शिव्या देतात आणि गुपचूप माती भरून नेतात. तीन बादल्या भरलेल्या आहेत. त्याच्या हाताने कुटलेली टरफलं वर पांढरी दिसतात.

सापळा सापडला. बादल्यांच्या मागे.

११ मार्च, मंगळवार

सापळा लावला. सगळ्यात मोठ्या उकिराच्या मधोमध.

१४ मार्च, शुक्रवार

काही नाही. सापळ्याच्या दोन्ही बाजूंना नवे उकीर. चिडवल्यासारखे.

ओरिनला फोन केला. लाज गिळून सांगितलं. तिकडून आधी हसू, मग खोकला.

"अगं, उकीर म्हणजे त्याने टाकलेला कचरा. कचऱ्याच्या ढिगावर कोणी राहतं का? एकदा टाकला की तो तिथे फिरकत नाही."

चाळीस वर्षं मी आकडा विचारत होते, पद्धत कधी विचारलीच नाही. बातमी लिहिणाऱ्यांचं असंच असतं.

मग त्याने नीट समजावलं. दोन ताज्या उकिरांच्या मध्ये सळई खुपसत जायची, वीतभर अंतराने. माती घट्ट लागेल. एका जागी हात एकदम दोन इंच खाली जाईल — तो बोगदा, त्याचा रोजचा रस्ता. तिथे उघडायचं, सापळा त्यात, वर बादली पालथी. उजेड आत गेला तर तो माती लोटून बुजवतो. आणि घाई करू नकोस, म्हणाला. मला! जिने आयुष्यभर छपाईसाठी बुधवारचे पाच गाठले.

१६ मार्च, रविवार

दोन तास सळई. गुडघे चिखलात. हार्लन कुंपणावर हात ठेवून बघत होता. तेल शोधतेस का, विचारलं. मग आपणहून आला आणि दुसऱ्या बाजूने खुपसायला लागला. त्याची बायको जोआन गेल्याला सहा वर्षं झाली. आपल्या घराच्या अंगणात तो आता सिमेंटच घालायचं म्हणतो.

साडेअकराला माझा हात एकदम खाली गेला. अंधारात जिन्याची एक पायरी जास्त असावी, तसा.

२२ मार्च, शनिवार

पकडला. सकाळी सात. दुजोरा: हार्लन.

एकच. हार्लन म्हणाला, एवढ्या जमिनीत बहुतेकदा एकच असतो. मला खोटं वाटलं. एकतीस उकीर, आणि करणारा माझ्या तळव्यात मावेल एवढा. काळी मखमल. डोळे दिसतच नाहीत. आणि हात — गुलाबी, रुंद, फावड्यासारखे, तळवे बाहेर वळलेले, दार ढकलताना धरावेत तसे. सापळा झटक्यात मिटतो, त्याला कळलंही नसेल असं हार्लन म्हणाला.

ओरिनने पकडलेले मी कधी पाहिले नव्हते. मी घरी यायच्या आत तो नासपतीच्या झाडाखाली पुरायचा. मीही तिथेच पुरला.

संध्याकाळी ओरिनला फोनवर सांगितलं. त्याने विचारलं, "मोठा होता?"

हो म्हटलं.

"बरं."

३१ मार्च, सोमवार

नऊ दिवस शून्य. हार्लनने बोगदे टाचेने दाबून दिले, वर माती, वर बी. रोसालियाने कठडा दहा ठिकाणी टेकवून पाहिला, पसंत केलं. बुधवारी ओरिन घरी.

२ एप्रिल, बुधवार

आला. दारात थांबून घराचा वास घेतला. कॉफी आणि टोस्ट. मग खिडकीजवळच्या खुर्चीत बसला आणि हिरवळीकडे पाहत राहिला. छान सपाट केलीस, म्हणाला. स्मशानासारखी.

हे शेवटचं हसत म्हणाला. तरी.

१२ एप्रिल, शनिवार

चालत नाही.

घरात चालतो — पलंग, न्हाणीघर, खुर्ची. बाहेर नाही. थंडी आहे. मग ऊन आहे. मग दुखतंय. रोसालिया म्हणते हाड छान जुळलंय, दुखायला नको. आज तिने त्याला दारापर्यंत आणलं. तो म्हणाला, "तिथे जाऊन बघायचं काय?" आणि वळला. ती माझ्याकडे बघत होती, मी दाराच्या कडीकडे.

बेथचा फोन. खोली दोन मेपर्यंत धरून ठेवतील.

१९ एप्रिल, शनिवार

सकाळी सात वाजता तो जागा असतो. खिडकीत. कॉफी गार होते. चाळीस वर्षं या माणसाला सातला कोणीतरी उठवत होतं आणि ते मी नव्हते. मी तर तोवर निघून गेलेली असायची.

आठवतंय — ज्या वर्षी त्याचा कारखाना बंद पडला, त्या वर्षीही फोन चुकला नाही. इतर सगळं चुकलं. दाढी, जेवण, बोलणं. सातला मात्र, संपादकबाई, दोन नवे. मला तेव्हा वाटायचं, हा मला हसवायला फोन करतो.

२६ एप्रिल, शनिवार

चाळीस वर्षांत एकही बातमी मनाने रचून लिहिली नाही. एकदा महापौरांचं वय चुकलं, त्याचीसुद्धा पहिल्या पानावर दुरुस्ती छापली.

आज पहाटे साडेपाचला गॅरेजमधून एक बादली उचलली. दारापासून अठरा पावलांवर ओतली. हाताने गोल केली, वर जरा दाबली. बरी जमली. मग कुंपणाशी जाऊन हार्लनला हाक मारली. तो उठलेलाच असतो.

तू उकीर पाहिलास असं सांगायचं, म्हटलं.

"पण मी नाही पाहिला."

मग बघ, म्हटलं. त्याने पाहिला. बराच वेळ. जोआन असती तर तिनेही हेच केलं असतं, म्हणाला, फक्त तिचा जास्त खरा दिसला असता.

सातला ओरिनला सांगितलं — एक नवा. त्याने मान वर केली.

"दुजोरा कोणाचा?"

खिडकी उघडली. हार्लनने तिकडून "हो, एक" म्हटलं. आवाज जरा जास्तच मोठा.

ओरिनने बूट मागितले. कठडा धरून अठरा पावलं, मोजून, मी मागे. वाकता येत नव्हतं, तर मला माती उचलून द्यायला सांगितली. दोन बोटांत चोळली, उन्हात धरून पाहिली. बोटं विजारीला पुसली. ताजा आहे, म्हणाला. सळई आण.

२७ एप्रिल, रविवार

सळई घेऊन तीनदा बाहेर. बोगदा सापडत नाही म्हणून कुरकुर. दुपारी टोमॅटोची रोपं लावायची आठवण त्याला स्वतःहून झाली. मला अपराधी वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

२८ एप्रिल, सोमवार

सकाळी सात: दोन उकीर. मी एकच केला होता.

दुसरा पार कुंपणाशी, नासपतीखाली. चाळीस पावलं. दवात दाराकडून गॅरेजवरून तिथवर कठड्याच्या चाकांच्या दोन रेघा, आणि परत आलेल्या दोन. दाराशी उभ्या कठड्याला दुसरी बादली कडीने अडकवलेली, रिकामी. उकिरावर कुटलेल्या टरफलांचे पांढरे कण. माझ्याही उकिरावर तेच. शनिवारी त्याने ते उन्हात धरून पाहिले होते.

आत आले. तो खुर्चीत, बुटांना ओली माती, कॉफी गरम.

"संपादकबाई, किती?"

दोन, म्हटलं. त्याने खिडकी उघडली आणि हार्लनला हाक मारली.

शुक्रवारी रोसालिया येते. एक बादली भरलेली आहे.