तुझ्या मानेवरची जट

माय, माझेही केस आता तुझ्यासारखेच झालेत. कमरेच्या खाली येतात, पण मुठीत धरायला गेलं तर हातात काही लागत नाही. सकाळी उशीवर तुकडे पडलेले असतात. गळालेले नव्हेत, तुटलेले, बोटबोटभर, मुळाशिवायचे. गळालेला केस कोणता आणि तुटलेला कोणता हे तूच मला दाखवलंस, आणि दाखवायच्या आधी पाठीत एक धपाटा घातलास, कारण मी तुझी वेणी सोडून वरून खाली खसाखसा फणी ओढत होते. "बैलाचं दावं हाय का गं ते, वढून राहिलीस?" असं म्हणाली होतीस. आता माझी सून म्हणते, आई, खांद्यापर्यंत कापून टाका, रोजची कटकट मिटेल. चांगली पोर आहे, माझ्या भल्याचंच सांगते. पण केसांना कात्री लावायची म्हटलं की मी विषय बदलते, आणि तो का बदलते हे मी तिला सांगितलेलं नाही. कुणालाच सांगितलेलं नाही. म्हणून आज नांदेडच्या या घरात दुपारची भांडी तशीच टाकून तुला लिहायला बसलेय.

तुझं ते केस सांभाळणं मला तेव्हा सोंग वाटायचं, खरं सांगते. आधी टोकं, मग मधला भाग, मग मूळ. वरचा केस मुठीत घट्ट धरायचा, म्हणजे गुंता ओढला तरी डोक्याला कळ जात नाही. ओल्या केसाला फणी लावायची नाही. तेल दोनच थेंब, तळहातावर चोळून, फक्त टोकांना. मी लातूरहून तुझ्यासाठी प्लास्टिकचा कंगवा आणला तर म्हणालीस, म्हशीला लाव जा. पदर दिवसभर डोक्यावर. गाव म्हणायचं काय मर्यादशील बाई आहे, आणि तू मला हळूच सांगायचीस की उन्हानं केस करपतात म्हणून घेते. घागर डोक्यावर घ्यायची तर खाली चुंबळ लागते, पण चिंध्यांची खरबरीत चुंबळ टाळूवरचे केस घासून तोडते, म्हणून तू जुन्या इरकलीचा मऊ पदर फाडून तिची चुंबळ वळली होतीस. रात्री सैल वेणी, तिला रबर नाही, कापडाची पट्टी. वरून लुगड्याचा धुऊन धुऊन मऊ झालेला तुकडा गुंडाळायचा. आणि बाजेच्या उशाला पुन्हा एक घडी, कारण बाजेच्या सुंभात केस अडकतो आणि कूस बदलली की तुटतो. मी म्हणायचे, पोटच्या पोरीचे एवढे लाड केले नाहीस कधी. तू म्हणायचीस, "पोरगी तुटत न्हाई." बघ, काय भरवसा होता तुझा माझ्यावर!

मग तो दुष्काळ आला. लातूर नुकताच नवा जिल्हा झाला होता, एकामागून एक कचेऱ्या उघडत होत्या, आणि आपल्या औशाजवळच्या गावातून टायपिंग येणारी मी एकटीच पोरगी, म्हणून मला नोकरीला चिकटायला वेळ लागला नाही. अण्णांनी गावभर पेढे वाटले. मी तिथं एका मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहायचे आणि शनिवारी संध्याकाळच्या बसनं गावी यायचे. गावातला हापसा नुसता खडखडत होता. टँकर यायचा तो दिवसाआड, आणि आला की बायका एकमेकींच्या झिंज्या धरायच्या. तू केस धुणं महिन्यावर नेलंस. "प्यायला पाणी न्हाई अन् मी डोकं धुवत बसू? लोक थुकतील तोंडावर," म्हणायचीस, आणि ओल्या फडक्यानं नुसती टाळू पुसून घ्यायचीस. तरी विंचरणं एक दिवस चुकवलं नाहीस.

आणि तुला मुदतीचा ताप आला. तीन आठवडे तू अंथरुणाला खिळून होतीस आणि त्यातले दोन शनिवार मी आले नाही. नवी नोकरी, साहेब रजा देत नाहीत, असं मी सगळ्यांना सांगत आले. शनिवारी संध्याकाळी यायला रजा कशाला लागते, हे कुणी विचारलं नाही. एका शनिवारी खरंच काम होतं. दुसऱ्या शनिवारी मी मैत्रिणीबरोबर सिनेमाला गेले होते. नव्या पगाराची मस्ती, दुसरं काय!

तिसऱ्या शनिवारी आले तर तू चुलीजवळ भिंतीला टेकून बसलेली. ताप उतरला होता, पण चेहऱ्याची पार रया गेलेली. आत्या, अण्णांची थोरली बहीण, दारातच मला अडवून म्हणाली, "आधी पाय धू अन् हात जोड. तुझ्या मायला जट आली." मला वाटलं थट्टा करतेय. आत जाऊन बघते तर तुझ्या मानेवर, वेणी जिथून सुरू होते तिथं, मुठीएवढा चपटा गोळा, गोवरीसारखा कडक, आणि त्यावर हळदकुंकू वाहिलेलं! तीन आठवडे घाम, तीन आठवडे एकाच कुशीवर, आणि फणी एकदाही नाही. तुझे ते रेशमासारखे बारीक केस, त्यांचं दुसरं काय होणार? मी ओरडले, "हा गुंता आहे आत्या, देवी कुठली आली यात! तुमच्यानं रोज एकदा विंचरणं झालं नाही?" आत्या भडकली. "पाणी मी आणायचं, औषध मी द्यायचं, हगणंमुतणं मी काढायचं. अन् तू बसली लातुरात. वेणी घालायला यायचं होतंस की!" खरंच होतं ते.

आत्या दुष्ट नव्हती माय, तुलाही ते माहीत होतं. तिला भीती होती. मंगळवारी शेजारच्या गावची, देवीच्या नावानं जोगवा मागणारी आराधीण येणार, जटेची पूजा करणार आणि तुझ्या हातात परडी देणार, असं तिनं ठरवून टाकलं होतं. एकदा परडी घेतली की जट देवीची. मग तिला फणी नाही, पाणी नाही, दर मंगळवारी पाच घरं जोगवा मागायचा, आणि ती वाढेल तशी मरेपर्यंत मानेवर वागवायची. आणि कापली तर? कापली तर घरातलं माणूस जातं. हे आत्या माझ्याकडे न बघता म्हणाली. मी अण्णांकडे गेले. अण्णा म्हणाले, "बायकांचं बायकांनी बगा." वा रे वा.

रात्री तू मला जवळ बोलावलंस. गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरून म्हणालीस, "माझ्या गळ्यात हे असताना मला परडी कशाला? उद्या सोडव. कसं बी कर, पण सोडव. कापू नको." मी म्हटलं, कापली तर काय होतं गं? तू म्हणालीस, "मला काय व्हायचंय? पण उद्या तुझ्या बापाला शिंक जरी आली तरी वन्सं ते माझ्या माथी मारतील. सुटली तर मात्र कुणाची बोलायची टाप न्हाई."

सोमवारी पहिल्या बसनं मला कामावर हजर व्हायचं होतं. म्हणजे हातात एकच दिवस, रविवार. दुपारी टँकर आला म्हणून आत्या दोन घागरी घेऊन गेली, तशी मी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. तुझं डोकं मांडीवर घेतलं, वाटीभर खोबरेल कोमट केलं आणि गोधडीच्या सुईनं खालच्या कडेपासून सुरुवात केली. एकेक केस उचलायचा, बाजूला घ्यायचा, पुन्हा सुई घालायची. तुझे सगळे नियम मी त्या दिवशी पाळले, माय. ओढलं नाही, वरचा केस मुठीत धरला. बराच वेळ गेला आणि गोळ्याची कड सुटली, मग चतकोर भाग सुटला, मग जवळजवळ अर्धा. मधला भाग मात्र दगड झाला होता. बोटं तेलानं सटकत होती, मान अवघडली होती, आणि मला तुझा राग येत होता, का ते विचारू नकोस. तू अशक्तपणानं डोळे मिटून पडली होतीस. तेवढ्यात बोळातून आत्याचा आवाज आला, कुणाशी तरी पाण्यावरून भांडत येत होती. ती आत आली आणि अर्धवट सुटलेली जट बघितली तर सगळं गाव गोळा करणार. कोनाड्यात कात्री होती. मी ती घेतली आणि उरलेला गोळा मुळाशी कापला. तीन वेळा कात्री दाबावी लागली. गोळा पोलक्यात कोंबला आणि वरचे केस त्या जागेवर ओढून वेणी घालायला लागले.

तू डोळे उघडलेस. "सुटली?" विचारलंस. मी म्हटलं, "सुटली." तू हात मागं नेलास. तो हात मानेवर थांबला, थोडा वेळ तिथंच राहिला. तेवढ्यात आत्या घागर डोक्यावर घेऊनच दारात उभी, आणि तू तिला म्हणालीस, "सुटली बगा वन्सं. लेकीनं बोटानं सोडवली." आत्यानं घागर उतरवली, खाली वाकून बघितलं, आणि मटकन पाटावर बसली. "सुटली म्हंजी जट नव्हतीच. खरी जट सुटत न्हाई," म्हणाली आणि ढसाढसा रडली. मग तिनंच तुला न्हाऊ घातलं, त्या दुष्काळात, आणलेल्यातली अख्खी घागर ओतून, डोकं मात्र मी चोळलं. मी सोमवारी बसच्या खिडकीतून तो गोळा बाभळीत भिरकावला आणि हात झटकले.

पुढच्या उन्हाळ्यात तू गेलीस. डॉक्टर म्हणाले, हृदय. कचेरीत निरोप आला तेव्हा मी टायपिंगच्या यंत्रावर बसले होते. सगळ्यात आधी मनात काय आलं सांगू? तुझा चेहरा नाही आला. कात्री आली. घरातलं माणूस जातं, हे आत्याचं वाक्य आलं. तुझ्यासाठी रडू यायला मला पार गावाच्या वेशीपर्यंत जावं लागलं. बायका तुला अंघोळ घालत होत्या, मी म्हटलं डोकं मी करते, कुणी हात लावू नका. वेणी सोडली तर मानेवर, त्याच जागी, वीतभर वाढलेल्या केसांची एक बट वेगळी निघाली. ती नीट विंचरून, दुमडून, आत दोन आकडे लावून तू लपवली होतीस. वर्षभर रोज सकाळी, आत्याच्या देखत, पदराआड. म्हणजे तुला सगळं माहीत होतं. त्या दिवशी हात मानेवर थांबला तेव्हापासून माहीत होतं, आणि तू मला एका शब्दानं बोलली नाहीस. मी ते आकडे तसेच परत लावले.

मग माझं लग्न झालं, बदली झाली, मी नांदेडची झाले. इथं ओळखीत कुणाला जट झाली की बायका मला बोलावतात. मी जाते आणि ठणकावून सांगते, हा नुसता गुंता आहे, घाम आणि मळ आहे, कापा, काही होत नाही. पुष्कळजणींनी माझं ऐकलं. मागच्या आठवड्यात बिलोलीकडची एक बाई माझ्याकडं आली, तिशीचीही नसेल. जटेच्या ओझ्यानं तिची मान एका बाजूला वळलेली. पिशवीत स्वतः कात्री घेऊन आली होती बिचारी! सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाई, तुमी म्हंता ते पटतंय. पर तुमच्या घरात कुणाची कापली व्हती का? अन् समदे नीट राहिले का? तेवढं सांगा, मी आत्ता हितंच कापते."

मी तुझं नाव घ्यायला तोंड उघडलं, माय. आणि तू गेलीस तो उन्हाळा आठवला. मी म्हटलं, "न्हाई बाई, आमच्यात कुणाची कापली न्हाई."

तिनं कात्री पिशवीत ठेवली, पदर डोक्यावर घेतला आणि गेली. मी तिला हाक मारली नाही. इतकी वर्षं जगाला शहाणपण शिकवलं, पण तुला मीच मारलं असं मला अजून वाटतं, आणि ते खोटं आहे हे सांगायला तू नाहीस.