हातोडी बाकावर ठेवली आहे

आई, बाबा तुला मारतात का? हे विचारायची माझी हिंमत होणार नाही अशी मैत्रिणींनी पैज लावली, म्हणून या चिठ्ठीत विचारलं. उत्तर मला माहीत आहे. काल बाबांनी हातोडी मागितली, तू नाही म्हणालीस आणि त्यांनी स्टूल भिरकावलं, तेव्हा मी मागेच उभी होते. तुझी भुवई फुटून रक्त आलं, तरी शेजारच्या काकूंना तू सांगितलंस, "दार लागलं." आपलं दार भलतंच आगाऊ आहे म्हणायचं!

बाबा, हात थरथरतो तो कंपवातामुळे. स्टूल मात्र तुम्ही रागानं फेकलंत.

पण आई, बोटाला लागेल म्हणून सुताराची हातोडी कुणी पिठाच्या डब्यात लपवतं का? शर्टाची बटणंसुद्धा "राहू द्या, मी लावते" म्हणून तूच लावतेस. मग त्यांनी दिवसभर करायचं काय? हातोडी उचलली की त्यांचा हात स्थिर होतो, हे मी पाहिलंय.

पीठ झटकून हातोडी बाकावर ठेवली आहे. बाबा, मोडलेलं स्टूल तुम्हीच जोडा, सावकाश, एकेक ठोका लक्ष देऊन. आई फक्त शेजारी बसेल.

मी शाळेत निघाले. आणि ठरवलंय, पुन्हा काही भिरकावलंत, तर त्या दाराचं खरं नाव मी काकूंना सांगणार.