वळचणीची फळं

क्योतो, १४ नोव्हेंबर

प्रिय हायासे यास,

थंडी पडली. पर्सिमनची केशरी फळं सोलून, दोऱ्यांना बांधून वळचणीला टांगलीत. गुडघा कुरकुरतो, पण जिना चढू देतो. तुझ्याकडे सगळी बरी असतील.

गेल्या महिन्यात तू वड्यांचा डबा आणि यांच्या व्हिडिओ गेमची नवी आवृत्ती ठेवून गेलास. म्हणालास, "वहिनी, सरांचा खेळ जगवायचा तर लोक रोज यायला हवेत. हक्क तुमच्या नावावर आहेत. या आवृत्तीला तुमच्या संमतीचा शिक्का नाही मिळाला तर वसंतात कंपनी तो बंद करेल."

वड्या छान होत्या. खेळ नाही.

मी मुद्दाम काही दिवस हात लावला नाही. मग उघडला, तर खेळातलं माझं शेत वाळलेलं आणि नदीकाठची म्हातारी म्हणते, "होतात कुठे? तुमच्यामुळे सगळं गेलं." मी तिथेच मिटला. असं बोलणाऱ्या घरी माणूस भीतीने जातं, आणि भीती सरली की कायमचं सुटतं. मी वाचनालयातून जाडी पुस्तकं आणते, अर्ध्यात परत करते, पुढच्या वर्षी पुन्हा आणते. पुस्तक रुसत नाही, म्हणून तर वाचत आले.

इस्पितळातही तू यांना हेच विचारलं होतंस, लोक रोज कसे येतील. हे म्हणाले, "रोज येणारे मोजू नकोस. वर्षाने येणाऱ्याला दार उघडताना लाज वाटते का, ते बघ." तू म्हणालास, "सर, लाजेचा तक्ता काढू कसा?" हे हसले, मग खोकत राहिले.

ते गेल्यावर कितीतरी दिवस मी त्यांचा जुना खेळ उघडलाच नाही. पितरांचा सण आला, त्यांच्या नावाचा दिवा लावला, तरी नाही. मग एका दुपारी उघडला. त्या जुन्या खेळातली म्हातारी म्हणाली, "आलात? हात धुवा. भात गरम आहे."

हायासे, ते वाक्य माझं आहे. हे कितीही उशिरा आले तरी मी एवढंच म्हणायचे. त्यांनी ते खेळात घातलं आणि मला सांगितलं नाही. आता मी तिथे शेती करत नाही. नुसती बाहेर पडते आणि परत येते.

खेळ बंद पडला तर माझं काय जाईल, ते तुला कळलं. तरी या बदलाला शिक्का नाही.

असं कर. खेळणारा बरेच दिवस आला नाही की खेळातल्या शेजाऱ्यांनी त्याच्या शेताला पाणी घालावं आणि त्याच्या वळचणीला पर्सिमन टांगावीत. जितका उशीर, तितकी गोड. तू पर्सिमनच्याच मुलखातला, तुला सांगायला नको: झाडावरून काढलेली तुरट फळं जीभ आखडवतात, टांगली की साखर धरतात. आपल्यासाठी कुणी काही राखलं होतं, हे कळलेला माणूस पुन्हा येतो. घर चालवलंय मी, हे मला पक्कं ठाऊक आहे.

एवढं घाल, शिक्का त्याच दिवशी. रागावून महिनाभर आला नाहीस तरी चालेल. शेवटची दोरी तुझी आहे, ती काढणार नाही. दारात मी काय म्हणेन, तेही तुला ठाऊक आहे.

भात झाकून ठेवणारी,
मात्सुए वहिनी