काचेतली पदवी

चामोर्शी, रविवार संध्याकाळ, १९५६

अजून हसू येतंय. मला बघायला आलेल्या मुलाच्या वडिलांनी त्याची बी.ए.ची पदवी चक्क काचेच्या चौकटीत आणली होती! ते मला चालून दाखव म्हणणार, तोच बाबा मुलाला म्हणाले, "बाजारात बैलही जुंपून पायतो आपण. आजकालच्या बी.ए.चा काई भरवसा नाई. वाचलेलं एखादं पुस्तक सांगा."

मुलानं चौकट पालथी ठेवली. मग म्हणाला, "पुस्तक नाई वाचलं जी. गाईड वाचून पास झालो."

मला फस्सकन हसू फुटलं. तोही हसला! खरं बोलला म्हणून बाबा खूश दिसले. की मलाच तसं वाटलं?

जाताना चौकट इथंच राहिली. विसरला, की मुद्दाम? मी ती माझ्या पेटीत ठेवलीय. न्यायला येईलच. एक पुस्तक वाचून आल्याशिवाय देणार नाही.