कप्तानीण आणि पाठमोरी बैठक

बेळगाव,
ता. ९ एप्रिल १९३७

तीर्थस्वरूप गोपाळअण्णांच्या सेवेशी, आपल्या धाकट्या बहिणीच्या मोटारग्रस्त नवऱ्याचा साष्टांग नमस्कार. (गेले सहा महिने मी गाडीखाली उताणाच असतो, आपल्यासाठी तेवढा पालथा झालो, असं समजावं.) मिरजेला आपल्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निर्विघ्न पार पडलं, हे ऐकून जीव भांड्यात पडला. पट्टी महिनाभर सोडू नका म्हणून डॉक्टरांनी बजावलं आहे, ते कृपा करून पाळा. तंबाखूच्या वखारीकडे तर फिरकूच नका. एक सणसणीत शिंक आली, तर डॉक्टरांची सगळी मेहनत पाण्यात जायची.

सौ. प्रमोदिनी गेल्या रविवारपासून आपल्याकडे आहे. ती मला सोडून आली की मी तिला सोडून पुढे गेलो, याबद्दल निपाणीत दोन मतं असणार. तिनं आपल्याला काय सांगितलं ते ठाऊक नाही. पण ती सहसा खरंच बोलते, त्यामुळे मला माझी बाजू मांडणं भाग आहे.

आपल्याला माहीतच आहे की, कँपातला एक कप्तान विलायतेला परत गेला, तेव्हा त्याची दोन माणसांची जुनी शर्यतीची मोटार लिलावात निघाली. लिलावात मी फक्त बघायला गेलो होतो. (प्रमोदिनीला हे वाक्य तोंडपाठ आहे.) गाडीचं विलायती नाव उच्चारताना जीभ मुरगळते, म्हणून आम्ही तिला कप्तानीण म्हणतो. एके काळी ती ताशी सत्तर मैल धावायची म्हणे. माझ्या हाती आली तेव्हा तिच्यात उंदरांच्या तिसऱ्या पिढीचं बिऱ्हाड नांदत होतं, आणि डाव्या बाजूची बैठक त्यांनी वंशपरंपरेनं खाल्ली होती. मी इंजिन ओसरीवर उतरवलं, एकेक खिळा रॉकेलमध्ये धुतला, प्रमोदिनीच्या परातींत मांडला आणि पुन्हा जोडला. जोडून झाल्यावर वाटीभर स्क्रू उरले. ते कुठले, ते कप्तानीण अजून सांगत नाही. पण एखादा सांधा निखळला की थोडा अंदाज येतो.

बैठकीचं काम मी कडोलीच्या भावकू सुताराला दिलं. बैलगाड्या करण्यात त्याचा हात धरणारा अख्ख्या तालुक्यात नाही, आणि चूक झाली ती इथेच. मी सकाळी कोर्टात गेलो, संध्याकाळी येऊन पाहतो तर माझी बैठक रस्त्याकडे तोंड करून आणि शेजारची पाठमोरी! सागवानी, भक्कम, लोखंडी पट्ट्यांनी जखडलेली. मी ओरडलो, तर भावकूच माझ्यावर उखडला. "बाईमाणसानं गाडीवानाच्या मांडीला मांडी लावून, त्वांड म्होरं करून बसायचं? वकीलसाब, लोक श्यान घालतील माझ्या तोंडात!" पन्नास वर्षं त्यानं बायामाणसांना छकड्यात मागं तोंड करूनच बसवलेलं. मी नाराज झालो, पण प्रमोदिनीनं बसून बघितलं आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे की. निदान तुमी गाडी कशी चालवता ते तरी मला दिसायचं न्हाय."

तर रविवारी आपल्याला भेटायला म्हणून आम्ही निघालो, एकमेकांना पाठ करून. काकतीपाशी कप्तानीण बंद पडली. चाक धरायला मीच हवा, म्हणून प्रमोदिनीनं उतरून, पदर खोचून, मागून धक्का दिला. दुसऱ्याच धक्क्याला इंजिन असं काही पेटलं की मला आनंदाश्रू आले. मी निघालो. अण्णा, कप्तानीण सारखी डावीकडे ओढते, तिला दोन्ही हातांनी धरावं लागतं. मान वळवली की खड्डा. इंजिनाचा आवाज तर असा, की त्यात कुणी हाक मारली तरी ऐकू यायची नाही. (तिनं मारली होती, असं काकतीचे लोक सांगतात. बऱ्याच मारल्या होत्या.)

पुढचे पंधरा मैल मी तिच्याशी बोलत होतो. एक गोष्ट महिनाभर मनात सलत होती, ती अगदी मोकळेपणानं कबूल केली. "रागावली नाहीस ना?" असं तीनदा विचारलं. उत्तर नाही. माझं मन भरून आलं. चौदा वर्षांच्या संसारात तिनं माझं बोलणं इतका वेळ मधे न तोडता कधीच ऐकलं नव्हतं, त्यावरूनच मला शंका यायला हवी होती. हत्तरगीला गाडी थांबवली, दोन कप चहा घेतला, पाठमोऱ्या बैठकीपाशी गेलो, तर तिथं नुसती उशी. मी दोन्ही हातांत कप घेऊन उभा असतानाच मागून आलेली निपाणीची सर्व्हिस मोटार समोरून निघून गेली. ड्रायव्हरच्या शेजारी, रस्त्याकडे तोंड करून, प्रमोदिनी बसली होती. तिनं मान वळवली नाही. मी दोन्ही चहा प्यालो आणि माघारी फिरलो. तवंदीच्या घाटात ब्रेक धरेल की नाही, याची खात्री नव्हती. आपल्या दारात उभं राहून काय बोलायचं, याची त्याहून नव्हती.

तरी आपण मोठे आहात. तिची समजूत घालून तिला पहिल्या सर्व्हिस मोटारीनं पाठवून द्यावं, ही विनंती. घर खायला उठतं. काल आमटीत मीठ दोनदा पडलं, आणि ते मला सांगणारं कुणी नव्हतं.

आपला कृपाभिलाषी,
उपेंद्र

ता. क. वर लिहिलं ते लोकांसाठी. खरं म्हणजे तिला वीस दिवस तरी पाठवू नका. काहीही निमित्त काढा, हवं तर डोळा दुखतो म्हणा. मी कबूल केलं ते असं, की गाडीच्या घडीच्या छताला, म्हणजे टपाला, आतून लावायला मऊ कापड हवं होतं, म्हणून तिच्या ट्रंकेच्या तळाचं लुगडं मी फाडलं. तळाशी होतं, कधी नेसलेलं दिसलं नाही, म्हणून वाटलं नावडतं असेल. टप शिवून झाल्यावर कळलं की ते आपल्या मातोश्रींचं, शहापुरी. अण्णा, आपलाही मी अपराधी आहे. रविवारी भर उन्हात मी टप पाडून ठेवला होता तो याचसाठी. शहापूरच्या यल्लाप्पा विणकराला हुबेहूब तसंच विणायला सांगतो आहे. त्याला वीस दिवस लागतील. हे पत्र वाचून लगेच जाळा, आणि तिला पत्ता लागू देऊ नका.

ता. क. २. पाकीट चिकटवताना ध्यानात आलं. आपल्या डोळ्यांना पट्टी आहे. मग हे पत्र आपल्याला वाचून कोण दाखवतंय?

फाडून दुसरं लिहिणार होतो, पण तेही तीच वाचणार. तेव्हा प्रमोदिनी, हे तुलाच. चुकलो. यल्लाप्पाला नको म्हणून सांगून आलो. तो आधीपासूनच म्हणत होता, "लुगडं इनून देतो, वकीलसाब, पर आईचं कसं इनू?" पदर मात्र मी कापलेला नाही. तो अखंड आहे, टपाला आतून, बरोबर तुझ्या बैठकीच्या वर. बैठक मी स्वतः उखडून सरळ केली आहे; जराशी माझ्याकडे कलते, पण रस्त्याकडे तोंड आहे. तू नसताना त्या गाडीत बसवत नाही. ये. वाटेत ढकलायची पाळी आलीच, तर मी उतरेन, चाक तू धर. फक्त इंजिन पेटलं की मी चढलो की नाही, तेवढं एकदा वळून बघ.