खरखर पुसल्यावर

३ मार्च

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

शस्त्रक्रियेने आपला आवाज नेला. जो फितीवर उरला होता, त्याचा अंत माझ्या हस्ते झाला आहे.

बँड फुटल्यावर आपण एकट्याने, एका गिटारीवर गायलेल्या अप्रकाशित गाण्यांची एकमेव फीत मज ध्वनिशुद्धीकाराकडे विश्वासाने धाडलीत. फीत जीर्ण, एकदा वाजली की लेप गळून निरुपयोगी होणार. म्हणून ती वाजत असतानाच संगणकाची खरखर पुसणारी गाळणी लावण्याचे, आणि मूळ नोंद वेगळी न ठेवण्याचे, चातुर्य मी दाखवले. गाळणीने आपला कंठही खरखरीतच जमा धरला.

ऐकून मी खुर्चीसकट मागे सरकलो. खडीवरून लोखंडी खाट ओढावी तसा आपला तो आवाज, ओळीच्या शेवटी तालाला न जुमानता थबकणारा! त्याच्या जागी कोणी सुशील, भांग पाडलेला युवक गात होता. फितीचा लेप यंत्राखाली तपकिरी भुगा होऊन पडला आहे.

क्षमा मागण्याचे धाडस नाही. लोभ उरला असल्यास जपून ठेवावा.

आपला कुलदीपक,
पुतण्या


९ मार्च

चि. पंडित यास,
अ. उ. आ.

तुझं ते गुळगुळीत पोर ऐकलं. एका गाण्यानंतर बंद केलं. काकूने विचारलं, हा कोण. मी पाटीवर लिहिलं, मीच. ती चहा ठेवायला उठली आणि ओट्याशी नुसतीच उभी राहिली. गळा गेला तरी फीत आहे, एवढ्यावर मी होतो रे. ओरडलो असतो, पण तीही सोय नाही.

एक कर. माझी जोडगाण्यांची तबकडी आहे, पण तिच्यात बाजा फार, मी झाकला गेलोय. माझ्या माईकची मूळ फीत स्टुडिओने पुसली, पण माझ्याबरोबर गाणाऱ्या बाईंनी त्यांच्या माईकची घरी नेली. खोली एकच होती आणि मी काही हळू गात नव्हतो. मी त्यांच्या माईकमध्ये शिरलो म्हणूनच तर आमचं बिनसलं. तेव्हापासून बोलणं नाही. तू जा. गाळणी घरी ठेव.

माया आहेच. डोकंही असू दे.

काका


१७ मार्च

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

दार उघडताच बाईंनी सुनावले की आपली घुसखोरी अद्याप माफ झालेली नाही. मी पुतण्या निघाल्याने मला पाण्याविना बसवण्यात आले.

फीत सुस्थितीत आहे. या खेपेस आधी गाळणीचा स्पर्श नसलेली नोंद घेतली, मगच श्रवण. बाईंची ओळ संपते, त्या श्वास घेतात, आणि खोलीच्या पलीकडून आपण येता: बाजाविना, सगळ्या खडीसह. एकल गाण्यांत कोणाला न जुमानणारा तो कंठ इथे बाईंच्या स्वराखाली स्वतःला आवरतो, त्यांना वाट देतो. तबकडीत हे कधी कळलेच नव्हते. काहीही न पुसता ती ओळ मी तीनदा ऐकली. मजबाबत ही घटना ऐतिहासिक आहे. प्रत सोबत धाडली आहे.

मोठा धक्का मात्र नंतर बसला. व्यवसायाच्या सवयीने बोलून गेलो की आपला आवाज काढून बाईंची फीत निर्मळ करता येईल. त्या म्हणाल्या, असे विचारणाऱ्या प्रत्येकाला आजवर हाकलले आहे. मग मला गप्प बसण्याची खूण केली, कारण आपली ओळ येत होती.

लोभ असू द्यावा. बाईंचा आपल्यावर आहे, असे त्या मात्र म्हणालेल्या नाहीत.

आपला,
पुतण्या